लिंकन सिटी, २०१६-१७: ९९ गुणांचा हंगाम आणि तो खेळणारी माणसं

ब्रेफर्डकाठ (धागाकर्ता)

मंडळी, इंग्लंडच्या फुटबॉलवर आपल्याकडे बरंच लिहून येतं, पण गाडी मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनल या स्टेशनांच्या पुढे सहसा जात नाही. मला आज पाचव्या पायरीवरच्या एका क्लबबद्दल लिहायचंय. २०१६-१७ चं वर्ष मी शिक्षणासाठी लिंकनमध्ये काढलं. त्या वर्षी लिंकन सिटीने जे केलं त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलं, काही रेडिओवर ऐकलं. खूप दिवस लिहायचं राहून गेलं होतं.

आधी पायऱ्या सांगतो. सर्वात वर प्रीमियर लीग, २० संघ. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. हे झाले ९२ क्लब. नॅशनल लीग या सगळ्यांच्या खाली. तिथून वर जायला त्या काळी दोनच जागा होत्या: पहिला आलेला संघ थेट वर, आणि त्याच्या खालच्या संघांतले बाद पद्धतीचे सामने, म्हणजे प्ले-ऑफ, जिंकणारा आणखी एक. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. लिंकन सिटी २०११ मध्ये शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर ऑल्डरशॉटकडून ०-३ हरून या खड्ड्यात पडला आणि पाच वर्षं तिथेच राहिला.

मे २०१६ मध्ये क्लबने डॅनी आणि निकी काउली या भावांना आणलं. डॅनी मुख्य, निकी सहायक. दोघेही एसेक्समधल्या एका शाळेत पी.टी.चे सर. नोकरी सांभाळून संध्याकाळी आधी कॉन्कर्ड रेंजर्स आणि मग ब्रेनट्री टाउन हे छोटे संघ चालवायचे. ब्रेनट्रीचे खेळाडूही दिवसभर दुसरी कामं करणारे, तरी या भावांनी त्यांना नॅशनल लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर नेलं होतं. लिंकनसाठी दोघांनी शाळा सोडली. घर, संसार असलेल्या माणसांनी कायमची मास्तरकी सोडून पाचव्या पायरीवरच्या क्लबची नोकरी धरणं ही काय जोखीम असते, ते मास्तरांच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला लगेच कळतं.

आता खेळाडू. कर्णधार ल्यूक वॉटरफॉल, बचावाच्या मधोमध. त्याच्या जोडीला डोव्हरहून आणलेला शॉन रॅगेट. डावीकडे सॅम हॅबरगॅम आणि मधल्या फळीत अ‍ॅलेक्स वुडयार्ड, हे दोघे काउलींबरोबर ब्रेनट्रीहून आलेले. गोलमध्ये पॉल फार्मन. अ‍ॅलन पॉवर हा आयरिश मिडफिल्डर २०११ पासून तिथेच होता, म्हणजे क्लबची सगळी वाईट वर्षं त्याने अंगावर काढलेली. आणि पुढे मॅट ऱ्हीड. हा माणूस पूर्णवेळ फुटबॉलमध्ये येण्याआधी जेसीबीच्या कारखान्यात कामाला होता. उंच, दांडगा, पळण्यात मंद. पण लांबून आलेला चेंडू छातीवर घेऊन तो असा धरून ठेवायचा की दोन बचावपटू पाठीला चिकटले तरी हलायचा नाही, आणि तेवढ्यात नेथन अर्नॉल्ड नाहीतर टेरी हॉकरिज बाजूने सुटलेला असायचा. मी मैदानावर पाहिलेल्या पहिल्या सामन्यात पहिली वीस मिनिटं मी फक्त ऱ्हीडच्या पाठीकडे बघत होतो.

एफए कप म्हणजे सगळ्या पायऱ्यांवरचे क्लब एकत्र खेळतात ती बाद पद्धतीची स्पर्धा. तिचं सगळ्यांना माहीत असेल, तरी थोडक्यात. सुरुवात चौथ्या पात्रता फेरीपासून. गाइझलीला हरवायला रिप्ले, म्हणजे बरोबरीनंतरचा दुसरा सामना, लागला. मग ऑल्ट्रिंगम, मग लीग वनमधला ओल्डहम ३-२. तिसऱ्या फेरीत इप्सविचच्या मैदानावर २-२, दोन्ही गोल थिओ रॉबिन्सनचे. १७ जानेवारीला घरी रिप्ले, ९१व्या मिनिटाला अर्नॉल्ड गोलरक्षकाला वळसा घालून गेला आणि १-०. त्याच्या पाचच दिवस आधी ग्रॅहम टेलर गेले होते. इंग्लंडचे प्रशिक्षक म्हणून जग त्यांना ओळखतं, पण ते २८ वर्षांचे असताना त्यांच्या हातात पहिला संघ दिला तो लिंकन सिटीने, १९७२ मध्ये. १९७५-७६ ला त्यांनी चौथी डिव्हिजन (आजची लीग टू) जिंकून दिली, १११ गोल मारून. इप्सविचच्या रात्री मैदानात त्यांची आठवण काढली गेली आणि मग तो गोल झाला. मला तेव्हा टेलर कोण हे धड माहीतही नव्हतं. शेजारी उभी असलेली माणसं का रडतायत हे नंतर विचारून कळलं.

चौथ्या फेरीत चॅम्पियनशिपच्या शिखरावर झुंजणारा ब्रायटन, ३-१. आणि मग १८ फेब्रुवारी, बर्नली.

बर्नली प्रीमियर लीगमध्ये, आमच्या ८१ जागा वर. तिकीट मला मिळालं नाही. घरमालकांनी घेतलंच नाही, कारण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना प्रवासच करायचा नव्हता. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, वर्षानुवर्षं सिंसिल बँकचे, म्हणजे क्लबच्या मैदानाचे, सीझन तिकीटवाले. आम्ही दोघे त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलो. टेबलावर चहाची किटली, तिच्यावर लोकरीचं टोपडं. ८९व्या मिनिटाला कॉर्नर. वॉटरफॉलने डोक्याने चेंडू परत आत ढकलला, रॅगेटने डोकं लावलं, गोलरक्षक हीटनने हात घालून बाहेर काढला. क्षणभर समालोचकालाही कळेना. गोलरेषेवरच्या यंत्रणेने पंचांच्या घड्याळात सांगितलं, चेंडू आत गेला होता. मी ओरडलो. घरमालक ओरडले नाहीत. टोपडं हातात घेऊन बसून राहिले आणि म्हणाले, "एटीसेव्हन."

ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली. १९८७ मध्ये पहिल्यांदाच असा नियम आला की चौथ्या डिव्हिजनचा शेवटचा संघ आपोआप बाहेर जाईल. ९ मेला शेवटचा दिवस. बर्नली, होय हाच क्लब, तळाला होता. त्यांनी ओरिएंटला २-१ हरवलं आणि ते वाचले. तळातला आणखी एक संघ टॉर्की, तेही हरत होते, पण पोलिसांचा कुत्रा त्यांच्या एका खेळाडूला चावला, त्याच्या उपचारात गेलेला वेळ पंचांनी वाढवून दिला आणि त्या वाढीव वेळात टॉर्कीने बरोबरीचा गोल केला. लिंकन स्वान्सीत ०-२ हरले. जानेवारीत वरच्या सात-आठांत असलेला संघ मेमध्ये लीगबाहेर, आणि असा बाहेर पडलेला इंग्लंडमधला पहिला. घरमालक त्या दिवशी भावाबरोबर स्वान्सीला गेले होते. परतीच्या प्रवासात कोणीच कोणाशी बोललं नाही म्हणाले.

१९१४ नंतर नॉन-लीग क्लब उपांत्यपूर्व फेरीत पहिल्यांदाच पोचला होता, असं दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांनी छापलं. ते खरंच मोठं आहे. पण त्या स्वयंपाकघरात जे घडलं ते १९१४ चं नव्हतं, १९८७ चं होतं.

आता माझा मुद्दा. पुढे आर्सेनलने ५-० हरवलं आणि बाहेरच्या जगासाठी गोष्ट तिथे संपली. माझ्या मते खरी गोष्ट कपची नाहीच. ती आहे ४६ लीग सामन्यांची: ३० विजय, ९ बरोबरी, ७ पराभव, ९९ गुण. कपमुळे सामने एकावर एक साचले, शिवाय एफए ट्रॉफीतही (खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांचा वेगळा कप) संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे यॉर्क सिटीने हरवलं. असा सगळा भार अंगावर असताना मंगळवारी रात्री चिखलाच्या मैदानावर, टीव्ही नाही, पाहुण्या संघाचे मोजके प्रेक्षक, असे सामने हे लोक जिंकत राहिले. त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हा धागा.

---

घाटवाट

फार सुंदर लिहिलंय. १९८७ आणि बर्नलीचा संबंध मला अजिबात माहीत नव्हता, वाचताना अंगावर काटा आला. फुटबॉल मी वर्ल्डकपपुरतंच बघते, त्यामुळे एक प्राथमिक प्रश्न. नॉन-लीग म्हणजे हौशी का? हे खेळाडू पगारी होते ना? पुढील लेखनास शुभेच्छा.

---

ब्रेफर्डकाठ

धन्यवाद घाटवाट. नॉन-लीग म्हणजे त्या ९२ क्लबांच्या बाहेरचे. नॅशनल लीगमध्ये दोन्ही प्रकार असतात. लिंकन पूर्णवेळ पगारी क्लब होता, ब्रेनट्री अर्धवेळ. म्हणजे एकाच लीगमध्ये एक संघ सकाळी सराव करून येतो आणि समोरचा संघ दिवसभराची ड्युटी संपवून बसमध्ये चढतो. काउली भाऊ दुसऱ्या प्रकारातून वर आले म्हणून मला त्यांचं जास्त कौतुक. हाताशी वेळ किती थोडा असतो ते त्यांना माहीत होतं.

---

मंगळवारपेठ

नमस्कार, मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पाटाकडील-शिवाजी सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे छोट्या क्लबवर जीव टाकणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तुमचा लेख मनाला भिडला.

पण मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही. कप नसता तर ती गर्दी आली असती का? गॅलरी भरली की खेळाडूच्या पायात वेगळंच बळ येतं, हे मी स्वतः खेळताना अनुभवलंय. बर्नलीच्या गोलने जे लोक मैदानाकडे वळले तेच पुढे लीगच्या सामन्यांना आले असणार. मग कप वेगळा आणि लीग वेगळी कशी म्हणायची?

---

ब्रेफर्डकाठ

मंगळवारपेठ, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते कमी लेखलं हेही खरं. आधीच्या हंगामात सरासरी अडीच हजारांच्या आसपास लोक यायचे, या हंगामात आकडा जवळजवळ दुप्पट झाला. त्यात कपचा वाटा मोठा.

पण गर्दी त्याआधीच वाढायला लागली होती. मी पहिल्यांदा गेलो तो ऑक्टोबर होता, कपचं वारं अजून सुटलं नव्हतं. हाय स्ट्रीटवरचं रेल्वे फाटक बंद होतं, आणि फाटकाच्या अलीकडे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे मफलर घातलेली माणसं थांबलेली. एक बाई दोन मुलांना सांगत होत्या की ऱ्हीड आणि फार्मनची सही आज मिळेल, गेल्या वेळी वेळ संपला म्हणून राहिली. डॅनी काउली सामना संपल्यावर चारही बाजूंना जाऊन लोकांचे आभार मानायचा. पाच वर्षं ज्या लोकांनी पराभव पाहिले त्यांच्याशी कोणीतरी पुन्हा बोलायला लागलं होतं. शहर आधी क्लबकडे वळलं, कपने त्यात भर घातली, असं मला तिथे राहून वाटलं.

---

तिसरापंच

उत्तम धागा. काही भर घालतो.

१) त्या वर्षी पाचव्या फेरीत सटन युनायटेड हाही नॉन-लीग संघ होता. शेवटच्या सोळांत असे दोन संघ एकाच वेळी पोचण्याची ती पहिलीच वेळ. सटनलाही आर्सेनलनेच काढलं, २-०.

२) दुसऱ्या क्रमांकावर ट्रॅनमेअर रोव्हर्स होता, ९५ गुणांसह. विचार करा, ९५ गुण आणि थेट बढती नाही! प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात फॉरेस्ट ग्रीनने त्यांना ३-१ हरवलं आणि ते आणखी एक वर्ष तिथेच अडकले. तुमच्या मुद्द्याला याने बळ मिळतं. ९५ गुणांचा संघ मागे लागलेला असताना एकही आठवडा ढिलाई परवडणारी नव्हती. तिथून आणखी एका संघाला वर जाऊ द्या ही मागणी म्हणूनच होते आणि ती न्याय्य आहे.

३) एक कडू गोष्टही सांगायला हवी. उजवा बचावपटू ब्रॅडली वुड याला पुढे २०१८ मध्ये फुटबॉल असोसिएशनने सहा वर्षांची बंदी घातली. इप्सविच आणि बर्नलीविरुद्धच्या याच कप सामन्यांत त्याने मुद्दाम पिवळं कार्ड घेतलं, असं चौकशीत सिद्ध झालं. सट्ट्याचं प्रकरण. तुमच्या लेखात त्याचं नाव नाही, मुद्दाम गाळलंत का?

---

ब्रेफर्डकाठ

हो, मुद्दाम गाळलं होतं, आणि तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत, कारण गाळायला नको होतं. ती बातमी मी भारतात परत आल्यावर वाचली. पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची, नंतर खूप राग आला. ज्या रात्री माणसं टेलरसाठी रडत होती त्याच रात्री असं काही चाललं असेल ही कल्पनाच सहन होत नव्हती. कार्डाने निकाल बदलला नाही, गोल खरे होते, हे मी स्वतःला सांगत राहतो. पण त्या हंगामाची गोष्ट सांगायची तर हेही सांगायला हवं. खालच्या पायऱ्यांवर पगार बेताचे, करार एक-दोन वर्षांचे, आणि सट्ट्याच्या कंपन्यांच्या जाहिराती मात्र खेळाडूच्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस. याने त्याचा गुन्हा लहान होत नाही. पण हा रोग एका माणसापुरता नाही, हेही तितकंच खरं.

---

निळीछत्री

आर्सेनलच्या सामन्याबद्दल अजून लिहा ना. ५-० वाचून वाटतं एकतर्फी होता.

---

ब्रेफर्डकाठ

त्याचं तिकीट मला मिळालं होतं! ११ मार्च. लिंकनचे सुमारे ९,००० लोक लंडनला गेले होते. गाड्याच गाड्या, रस्त्याने पुलांवर लाल-पांढरे झेंडे.

एकतर्फी नव्हता, निदान पहिला अर्धा भाग तरी. आर्सेनल त्या आठवड्यात जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून ५-१ हरून आलेला, प्रेक्षक आपल्याच संघावर चिडलेले. ०-० असताना अर्नॉल्ड डावीकडून आत घुसला, एकाला चकवलं आणि चेंडू वळवून मारला. त्यांचा गोलरक्षक चेक याने झेप घेऊन अडवला. आमच्या कोपऱ्यातून तो चेंडू आत जाताना दिसला होता. माझ्या पुढचा माणूस दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि तसाच थांबला. मग पहिल्या भागाच्या अगदी शेवटी, जादा वेळेत, वॉलकॉटचा गोल. विश्रांतीला ०-० ने गेलो असतो तर निकाल बदलला असता असं मी म्हणणार नाही, पण माणसांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. दुसऱ्या भागात पाय संपले. जिरू, वॉटरफॉलचा दुर्दैवी स्वयंगोल, सांचेझ, रॅमसी.

०-५ झाल्यावर आमच्या बाजूचं गाणं थांबलं नाही, उलट वाढलं. सामना संपल्यावरही कोणी जागा सोडेना. वॉटरफॉल मान खाली घालून आला, आणि त्याच्याच नावाचा घोष सर्वात मोठा झाला.

---

घाटवाट

वॉटरफॉलचं वाचून डोळे भरले. स्टेडियमबद्दलही थोडं लिहाल का? आणि क्लबला इम्प्स का म्हणतात?

---

ब्रेफर्डकाठ

इम्प म्हणजे खट्याळ भुताचं पिल्लू. टेकडीवरच्या कॅथीड्रलमध्ये एका खांबावर दगडात कोरलेलं आहे, हाताच्या पंज्याएवढं असेल. दंतकथा अशी की ते आत शिरून धुडगूस घालायला लागलं आणि देवदूताने त्याचा दगड केला. शोधायला मला अर्धा तास लागला. तेच क्लबचं चिन्ह.

स्टेडियमचं नाव सिंसिल बँक, शेजारून सिंसिल ड्रेन नावाचा कालवा जातो. एका गोलमागच्या स्टँडचं नाव स्टेसी वेस्ट. मला आधी वाटलं कोणा देणगीदाराचं नाव असेल. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानावर लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. त्या दिवशी पाहुणा संघ लिंकन सिटी होता. बिल स्टेसी आणि जिम वेस्ट हे लिंकनचे दोन समर्थक त्या आगीत गेले, त्यांची ही नावं. हे कळल्यानंतर मी त्या स्टँडकडे सहज म्हणून कधी पाहू शकलो नाही.

---

तिसरापंच

पुढे या खेळाडूंचं काय झालं तेही सांगून टाका. रॅगेट नॉर्विचने घेतला हे आठवतंय.

---

ब्रेफर्डकाठ

हो, २०१७ च्या ऑगस्टमध्ये. पण काही महिने तो उसनवार म्हणून लिंकनकडेच राहिला, पुढे पोर्ट्समथला बरीच वर्षं खेळला. पॉवर स्कॉटलंडमध्ये किल्मारनॉककडे गेला. वुडयार्ड पीटरबरोला, फार्मन स्टीव्हनेजला, वॉटरफॉल श्रूझबरीला, हे तिघे २०१८ मध्ये. त्याआधी एप्रिल २०१८ ला वेम्बलीवर ईएफएल ट्रॉफीचा (लीग वन-लीग टूच्या क्लबांचा कप) अंतिम सामना होता, लिंकनने १-० जिंकला, गोल एलियट व्हाइटहाउसचा, समोर श्रूझबरीच. २०१९ मध्ये लीग टू जिंकून लीग वनमध्ये, ऱ्हीड तोवर होता. त्याच सप्टेंबरात काउली भाऊ हडर्सफील्डला गेले. संघ विखुरला, पण क्लब खाली गेला नाही.

---

मंगळवारपेठ

आणि तुमचे घरमालक? बढतीच्या दिवशी ते होते का मैदानात? त्यांचं वाचायची इच्छा आहे.

---

ब्रेफर्डकाठ

होते. २२ एप्रिल, मॅकल्सफील्डविरुद्ध, जिंकलं की अव्वल नंबर पक्का, दोन सामने हातात ठेवून. गुडघा अजून दुखत होता, मी काठी धरायला बरोबर गेलो. मैदान काठोकाठ भरलेलं. २-१, दोन्ही गोल टेरी हॉकरिजचे.

शिट्टी वाजली आणि लोक मैदानात उतरले. आमच्या रांगेतले सगळे गेले, आम्ही दोघेच बसून. त्यांनी सामन्याच्या दोन पुस्तिका घेतल्या होत्या. एक घडी न मोडता कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, ती भावासाठी. स्वान्सीला बरोबर गेलेला तोच भाऊ, आता ऑस्ट्रेलियात असतो. दुसरी मला दिली, ती अजून माझ्याकडे आहे.

खूप वेळ ते गवताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता १९८७ बद्दल काहीतरी बोलतील. ग्रिम्सबी हा शेजारचा क्लब वर्षभर आधीच लीग टूमध्ये गेला होता. घरमालक काठी शोधत उठले आणि मला विचारलं, "ग्रिम्सबीची मॅच उन्हाळ्यात ठेवतील की थंडीत? थंडीत असेल तर मला नवे बूट लागतील."